मुक्कामी गाडीचा मान

खानदेशात अनोळखी माणसाला तीन गोष्टी विचारतात. आडनाव काय, गाव कोणतं आणि मामाचं गाव कोणतं. विचारणारा प्रेमाने विचारतो, हातात पाण्याचा तांब्या घेऊन विचारतो, आणि उत्तर मिळालं की जरा वेळ मनातल्या मनात हिशेब करत राहतो. आम्ही बौद्ध. त्या हिशेबाचं उत्तर काय निघणार हे मला भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढतानाच कळायला लागलं होतं. पुढे जळगावात भाड्याची खोली शोधत फिरत होते, तेव्हा घरमालकीण तिसऱ्या प्रश्नावर येईपर्यंत मी पायात चप्पल सरकवलेली असायची, कारण खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली निघायची. आता मेहरूणला तलावाजवळ माझा स्वतःचा फ्लॅट आहे आणि मला कोणी काही विचारत नाही. तरी ते तीन प्रश्न कानावर पडले की डोकं तापतं. मुळात मी तापट आहेच, माझी आई म्हणायची की हिच्या नाकावर माशी बसली तर माशीचीच चूक.

माझं काम फ्रीज दुरुस्तीचं. घरातले नव्हेत, सरकारी दवाखान्यांतले लसी ठेवायचे. जळगाव आणि धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांची कामं आमच्या कंपनीकडे आहेत, आणि जिथे जायला कोणी राजी नसतं ती गावं फिरून फिरून माझ्याच वाट्याला येतात. काही वर्षांपूर्वी पंचवीस जानेवारीला दुपारी असाच फोन आला. अमळनेरच्या पुढे, तापीच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावातला फ्रीज बंद पडला होता. सिस्टरने लसी बर्फाच्या पेट्यांत हलवल्या होत्या, पण बर्फ उद्यापर्यंत टिकेल याची तिला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी उशिरापर्यंत लोळायचं ठरवलं होतं. बाळांच्या लसी म्हटल्यावर नाही म्हणवेना, म्हणून चरफडत हत्यारांची पेटी उचलली आणि निघाले.

त्या गावाला संध्याकाळी एकच गाडी जाते, तीही मुक्कामी. म्हणजे रात्री तिथेच थांबते आणि सकाळी तीच परत फिरते. वाटेतल्या खेड्यांवर माणसं उतरत गेली आणि शेवटच्या फाट्यानंतर गाडीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी एवढेच उरलो. कंडक्टर तरुण मुलगी होती, नंदुरबारकडची, ह्या मार्गावर पहिल्यांदाच आलेली. तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिकडे बायामाणसाला झोपायला कुठे जागा असते का, असं तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, सिस्टरच्या क्वार्टरवर दोघींची सोय होईल, काळजी करू नको.

गाडी चौकात थांबली. खिडकीतून पाहते तर थांब्यावर वीसपंचवीस माणसं उभी. एवढ्याशा गावात मुक्कामी गाडीला घ्यायला इतकी माणसं? मला वाटलं, कोणी पुढारी येणार असेल. मी उतरले, तर सगळी माझ्याकडेच वळली. एकाने माझ्या हातातली पेटी घेतली, एकाने पाणी पुढे केलं. पांढरी टोपी घातलेला, बारीक चणीचा एक म्हातारा पुढे आला. सगळे त्याला आबा म्हणत होते. त्याने हसून विचारलं, पाहुणे कोणाकडे आले? आडनाव काय? गाव कोणतं?

मी घुश्शातच सांगितलं की मी फ्रीजकडे आलेय, माणसांकडे नाही. दोघेतिघे हसले, पण त्यांची पंचाईत झालेली दिसत होती. मागून कोणीतरी म्हणालं, निदान मामाचं गाव तरी विचारून घ्या. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, आबाने हात वर करून त्याला थांबवलं.

"राग नको धरू, बेटा," तो अहिराणीत म्हणाला. "सकाळले सांगशी तरी चाली."

सकाळी कशाला सांगेन, असं पुटपुटत मी दवाखान्याकडे निघाले. कंडक्टर पोरगी मागोमाग होतीच.

फ्रीजचं दुखणं मोठं नव्हतं. स्टॅबिलायझर जळला होता, तो बदलला आणि यंत्र घरघरायला लागलं. आतला तापमानाचा काटा खाली यायची वाट बघत आम्ही तिघी तिथेच स्टुलांवर बसलो, आणि मग सिस्टरने मला थांब्यावरच्या माणसांचा उलगडा करून सांगितला. ती स्वतः धुळ्याची, पण बरीच वर्षं इथे होती.

गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे शेतकरी, दोन्हीकडे त्याच त्या आडनावांची माणसं, आणि दोघांचं जुनं वाकडं. शाळेत मुख्याध्यापक आणि पंचायतीत सरपंच आपापला झेंडा फडकवतात, त्यावर कोणाचं म्हणणं नाही. पण चौकातला खांब गावाने स्वतः उभारलेला. त्याची दोरी कोणी ओढायची, यावरून पूर्वी एका सव्वीस जानेवारीला दोन्ही आळ्यांची माणसं एकाच वेळी दोरीला लटकली. ओढाओढीत दोरी कप्पीतून निसटली, आणि झेंडा वर गाठीतच अडकून राहिला. दिवसभर तो तसाच होता, पोरं खालून बघत होती. त्या वेळी वरच्या आळीकडून दोरी धरणाऱ्यांत आबा सगळ्यात पुढे होता. पुढे त्यालाच त्याची लाज वाटली आणि त्यानेच तोड काढली. चौकातली दोरी गावातल्या कोणी ओढायचीच नाही. आदल्या संध्याकाळी मुक्कामी गाडीतून जो प्रवासी उतरेल, त्याचा तो मान. अट एकच, त्याचं गावात कोणाशी नातं नको. नाहीतर ज्या आळीचा पाहुणा त्या आळीचा झेंडा, म्हणून पुन्हा तेच भांडण.

म्हणून ते प्रश्न. खानदेशात नातं नसलेला माणूस सापडणं हे काही सोपं काम नाही. सिस्टर हसत सांगत होती की मागे एक खतविक्या उतरला, सगळं जमलं, आणि ऐन वेळी त्याच्या साडूची बहीण खालच्या आळीत दिलेली निघाली. त्याला खाली बसवलं. एका वर्षी गाडीतून कोणीच उतरलं नाही, तेव्हा ड्रायव्हरने ओढली. आता तो ड्रायव्हर इतका घरचा झालाय की दोन्ही आळ्यांच्या लग्नांत अक्षता टाकायला असतो, त्यामुळे त्याचंही नाव बाद.

मला हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. बिचारे मला मान द्यायला उभे होते आणि मी त्यांच्या अंगावर गेले. मग सवयीने एक प्रश्न तोंडातून निघाला. गावात दोनच आळ्या का?

सिस्टर जरा घुटमळली. कामाच्या कागदावर माझं आडनाव तिने वाचलेलं होतं. म्हणाली, पलीकडे नाल्याच्या बाजूला वस्ती आहे. तुमचीच माणसं. पण ती भांडणात नव्हती.

ती हे अगदी सरळपणे म्हणाली. पण ते मनात राहिलं.

झोपायला गेले तेव्हा मी ठरवलं होतं की सकाळी दोरी ओढायची. का, ते सांगते. माझे वडील रेल्वेत होते. सव्वीस जानेवारीला ते आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. आमच्या घरात हा दिवस दिवाळीपेक्षा वरचढ होता, कारण संविधान ज्या दिवशी लागू झालं तो हा दिवस. वडील आम्हाला घेऊन मैदानावर जायचे आणि सगळ्यात मागच्या रांगेत ताठ उभे राहायचे. पुढे साहेब लोक. झेंडा उघडला की वडिलांच्या हाताची बोटं किंचित आवळायची, जणू दोरी त्यांच्याच हातात आहे. ती दोरी त्यांच्या हाती कधी आली नाही, त्यांनी कधी मागितलीही नाही. तेव्हा एवढ्या आडगावात, एका बिघडलेल्या फ्रीजच्या निमित्ताने ती माझ्या हाती येणार असेल, तर मी ती घेणार होते. त्यासाठी ते तीन प्रश्नही ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

सकाळी थंडी चांगलीच होती. चौकाच्या एका कडेला दोन्ही आळ्यांची माणसं मिळून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवत होती. झेंडा झाला की तिथेच वांगी भाजून सगळ्यांचं भरीत, ही त्या गावाची जिलबी. धूर नाकात शिरला आणि मला सपाटून भूक लागली. शाळेची पोरं मधे रांगेत बसली होती. उजवीकडे वरची आळी, डावीकडे खालची, आणि बरोबर मधे खांब. थांब्यावर गाडी उभी होती. झेंडा झाल्याशिवाय ती सोडायची नाही, हेही डेपोपासून सगळ्यांना माहीत होतं. लांब, चिंचेखाली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आणि काही पुरुष उभे होते. मला कोणी सांगायची गरज नव्हती. वडिलांची रांग मी कुठेही ओळखते.

आबाने मला खांबाजवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर, अगदी रीतसर, आडनाव विचारलं. मी मोठ्याने सांगितलं. खरंतर गरजेपेक्षा जास्तच मोठ्याने. तो ओळखीचा हिशेब मी बऱ्याच चेहऱ्यांवर होताना पाहिला. पण यावेळी मला कोणाची खोली नको होती, म्हणून मी मान वर करून उभी राहिले. गाव विचारलं, भुसावळ सांगितलं. मामाचं गाव विचारलं, तेव्हा पारोळ्याकडच्या एका खेड्याचं नाव सांगितलं, आई तिथली. आबाने उजवीकडे पाहिलं. वरच्या आळीचा कारभारी म्हणाला, नाही लागत. डावीकडे पाहिलं. खालच्या आळीचा म्हणाला, आमचंही नाही. दोघांनाही विचार करावा लागला नाही. इतका झटपट निकाल त्या चौकात कधी लागला नसेल. का लागला, हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं, पण सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते. ध्वनिक्षेपकवाल्याने माइक फुंकला, मास्तरांनी पोरांना उभं केलं.

आबाने दोरी माझ्या हातात दिली. ती सुती होती, दवाने ओलसर. मी वर पाहिलं. झेंड्याची पुरचुंडी खांबाच्या टोकाला घट्ट बसली होती आणि तिच्यात झेंडूच्या पाकळ्या भरलेल्या असणार हे मला माहीत होतं. खोटं का बोलू, माझे डोळे भरून आले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी बोटं आवळली.

"थांब, बेटा," मागून आवाज आला. "दोरी नको वढू."

चिंचेखालून एक म्हातारी येत होती. पांढरी साडी, डोक्यावर पदर, चाल जरा लंगडी. पोरांच्या रांगेतून वाट काढत ती थेट खांबापाशी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. आबाला न विचारता तिने मला आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि ती बघतच राहिली. मग म्हणाली की तुझी आई आणि मी एका अंगणात वाढलो, आमचे बाप सख्खे भाऊ. तिच्या लग्नात मी करवली होते. पुढे ती भुसावळला गेली, मी इकडे आले, कामाच्या मागे दोघींच्या भेटी राहूनच गेल्या. आई आहे का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तिथेच, दोन आळ्यांच्या मधोमध.

आई गेल्यावर आईच्या बाजूचं माझं कोणी उरलं आहे, असं मला वाटत नव्हतं. आणि ही इथे, तापीच्या काठी, आईसारखाच पदर कानामागे खोचून उभी. माझ्या हातातली दोरी मी विसरलेच.

मग मावशीने डोळे पुसले आणि आबाकडे वळली.

"हाई मन्ही भाची शे," ती म्हणाली. "हिले चालत नही."

आधी मला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा असा संताप आला की सांगता सोय नाही. जन्मात पहिल्यांदा भेटलेली मावशी, आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या हातची दोरी काढून घेतली. एक शब्द न बोलता गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? दोन्ही आळ्यांनी होकार दिला होता. चिंचेखालच्या माणसांनाही ते पटलेलं दिसेना. एक तरुण तिथून चिडून म्हणाला की मावशी, आपली पोर ओढत होती ना, मग आड कशाला येतेस. खालच्या आळीच्या कारभाऱ्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की अक्का, नातं आम्ही विचारलं, वरच्यांचं नाही, आमचं नाही. वस्तीचा ह्या भांडणाशी संबंध कुठे येतो? बठ्ठा गाव वाट देखी राहिना, झेंडा होऊ द्या.

मावशी त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती आबाकडेच बघत होती.

"भांडणमा आमी नव्हतूत, आबा," ती म्हणाली. "पण गावमा शेतस का नही, तेवढं सांगा."

 कडेला पऱ्हाट्या तडतडत होत्या. आणि मग, उशिरा का होईना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावात नातं असलेल्याने दोरी ओढायची नाही. मी ओढली, तर त्याचा अर्थ माझं गावात नातं नाही. म्हणजे माझी मावशी गावातली नाही. मी तिथे उभी राहून, हसतमुखाने, वडिलांच्या आठवणीने डोळे ओले करून, तिला स्वतःच्या हाताने गावाबाहेर काढलं असतं. तिला हे पहिल्या क्षणी दिसलं होतं. तिलाही आपल्या बहिणीच्या लेकीच्या हातून झेंडा उघडलेला बघायचा असणार, नव्हे, तिच्या डोळ्यांत ते होतंच. तरी तिने तो घास बाजूला सारला, कारण तिला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं. आणि ते मागायला तिला एवढ्या वर्षांत हीच एक संधी मिळाली होती.

मी दोरी सोडली आणि आबाला सांगितलं, "मावशी म्हणते ते खरं आहे. मी गावातली नातेवाईक आहे. मला चालणार नाही."

आता सगळं आबावर आलं. नियम त्याचाच. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. वरच्या आळीतून कोणीतरी कुजबुजलं की उगीच फाटे फुटताहेत. आबाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला. मला वाटतं, म्हाताऱ्याला तो जुना दिवस दिसत असावा, गाठीत अडकलेला झेंडा आणि आपल्या हातातली निसटलेली दोरी. तो हळूहळू चालत खांबापाशी आला आणि माइक नको म्हणून हाताने बाजूला केला. त्याचा आवाज तसाही चौकभर पोचत होता.

"अक्का खरं बोलनी," तो म्हणाला. "गावन्या तीन आळ्या शेतस."

वस्ती म्हणाला नाही, आळ्या म्हणाला. मी चिंचेकडे पाहिलं. तिथली माणसं एकमेकांकडे बघत होती. मघाचा तो चिडलेला तरुण खाली मान घालून पायाने माती उकरत होता, पण हसत होता.

तरी झेंडा कोणी उघडायचा, हा प्रश्न होताच. गाडीतून प्रवासी म्हणून मी एकटीच उतरले होते. ड्रायव्हर घरचा. मग सिस्टरने मागून कंडक्टर पोरीला पुढे ढकललं. ती गाडीच्या दाराशी उभी राहून एका मुलाच्या हातातला कागदी झेंडा नीट करून देत होती, आपल्यावर काही येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खाकी कपड्यांत, खांद्याला पिशवी तशीच, ती बावरून खांबाजवळ आली. आबाने तिला तेच सगळं विचारलं. तिने नवापूरकडचं गाव सांगितलं, मामाचं त्याच्याही पलीकडचं. वरच्या आळीत एका आजीला वाटलं की नवापूरला आपली कोणी भाचसून होती, पण ती सुरतेला गेल्याचं दुसरीने सांगितलं. नाही लागत. खालच्या आळीने थोडं डोकं लावलं आणि नाही म्हणून सांगितलं. पोरीने सुटका झाल्यासारखा श्वास सोडला आणि दोरीकडे हात नेला.

आबाने तिला थांबवलं. मावशी तोवर चिंचेखाली आपल्या माणसांत परतली होती. तो वळला, पोरांच्या डोक्यांवरून चिंचेकडे बघत त्याने विचारलं,

"आते तुम्ही सांगा, अक्का. तुम्हनी आळीनं काही नातं लागस का?"

मावशी पदर सावरून पुढे झाली. मला वाटलं, पटकन नाही म्हणेल, उन्हं वर आली होती, पोरं चुळबुळत होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता. पण माझी मावशी होती ती. तिने पोरीला पुन्हा आडनाव विचारलं. गाव विचारलं. मामाचं गाव, मग आजीचं माहेर, मग मोठी बहीण कुठे दिली तेही विचारलं. मागे वळून आपल्या आळीतल्या बायकांचा सल्ला घेतला. एकीने काहीतरी सांगितलं, त्यावर दोघींची चर्चा झाली. कोणाला घाई नव्हती. वरची आळी उभी होती, खालची आळी उभी होती, सरपंच, मास्तर, मुक्कामी गाडी, सगळे उभे होते आणि नाल्याकाठच्या म्हातारीच्या उत्तराची वाट बघत होते. मी इतकी वर्षं ते तीन प्रश्न ऐकत आले, पण विचारणाऱ्यांत आमचं माणूस आहे आणि जग थांबलंय, असं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"नही लागत," शेवटी मावशी म्हणाली. "वढ, बेटा."

पोरीने दोरी ओढली. गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या तिच्या केसांवर आणि खाकी खांद्यांवर पडल्या, आणि झेंडा उघडला. मावशी लंगडत परत चिंचेखाली आली आणि मी आधीच तिथे, तिच्या जागेशेजारी जाऊन उभी होते. राष्ट्रगीत सुरू झालं. मी खांबापासून लांब होते, वडील असायचे तितकीच लांब. पण आज मी मागे का उभी आहे, ते चौकातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. माझं ह्या गावात नातं होतं. मी मावशीचा हात धरला, आणि माझ्या हातातली तिची बोटं किंचित आवळली गेली.